डोंगरकुटी, न्यूझीलंडमधील

न्यूझीलंडच्या दुर्गम डोंगररानातील मुक्कामाची छोटी घरे. देशाच्या संवर्धन विभागाकडे (स्थापना १९८७) अशा ९०० हून अधिक कुटी आहेत. बऱ्याचशा १९५०–६० च्या दशकांत वनखात्याने हरणांच्या शिकाऱ्यांसाठी बांधल्या. बाहेरून आणलेली हरणे जंगल फस्त करीत होती. झोपायला चार-सहा फळ्या आणि छपरावरचे पाणी साठवणारी टाकी, एवढाच सरंजाम. आज तेथे संवर्धनाचे स्वयंसेवकही उतरतात. सशांच्या बंदोबस्तासाठी १८८० च्या दशकात आणलेला, मुंगसासारखा दिसणारा स्टोट किवीची पिल्ले मारतो. त्याच्यासाठी लावलेले सापळे तपासत ते डोंगर चढतात. एक चूक निस्तरायला दुसरी, असा हा इतिहास. कुटीतील वहीत नाव व पुढचा मार्ग लिहून निघण्याची रीत आहे; कोणी हरवल्यास शोधपथक आधी तीच वही पाहते.