मामाच्या वळणावर : आनुवंशिक रक्तस्राव आणि मराठी आप्तवाचक शब्द

मानोरा (जि. वाशीम) येथे वऱ्हाडी बोलीतील आप्तवाचक शब्दांची यादी करीत असता एका वृद्ध बाईंनी उच्चारलेले वाक्य या टिपणास निमित्त झाले. त्यांच्या नातवास खरचटले तरी रक्त लवकर थांबत नसे. बाई म्हणाल्या, “पोरगं मामाच्या वळनावर गेलं.” एरवी हा वाक्प्रचार रूपास किंवा स्वभावास उद्देशून वापरतात, येथे तो शरीरशास्त्रदृष्ट्याही यथार्थ होता.

हिमोफिलिया या विकारात रक्त गोठविणारा आठवा किंवा नववा घटक अपुरा पडतो. (या ग्रीक शब्दाचा धात्वर्थ ‘रक्ताची आवड’ असा होतो! १८२८ मध्ये होफ यांच्या प्रबंधामुळे तो रूढ झाला.) दोन्ही घटकांची जनुके ‘एक्स’ गुणसूत्रावर असतात. पुरुषाजवळ हे गुणसूत्र एकच असते आणि ते त्यास आईकडूनच मिळते. वाहक स्त्री बहुधा स्वतः निरोगी दिसते. परंतु तिच्या प्रत्येक मुलास विकार होण्याचा संभव निम्मा असतो. अर्थात रुग्ण शोधावयाचे ते मामा आणि मावसभाऊ यांत. काका व चुलतभाऊ यांचा येथे संबंध नाही.

ही वाट फार पूर्वी ओळखली गेली होती. तालमूद या यहुदी ग्रंथात सेफोरिस येथील चार बहिणींची हकीकत आहे. तिघींचे मुलगे सुंतेनंतर दगावले, तेव्हा चौथीच्या मुलाची सुंता करू नये असा निर्णय रब्बी शिमोन बेन गमलिएल यांनी दिला. रशियाचा युवराज अलेक्सी याचा मामा फ्रेडरिक १८७३ मध्ये बालपणीच याच विकाराने गेला. वाल्डेमार व हेन्री हे त्याचे मावसभाऊही रुग्ण होते. इंग्रजी ‘अंकल’ व ‘कझिन’ या शब्दांत ही सारी वंशरेषा बुडून जाते. मराठीत ती नात्याच्या नावातच उघड आहे. मात्र ‘आजोबा’ या शब्दापाशी आपली भाषाही मुग्ध होते. तेथे ‘आईचे वडील’ असे फोड करूनच विचारावे लागते.

आता विवाहाचा प्रश्न. मामेबहिणीशी लग्न करण्याच्या महाराष्ट्रातील चालीची चर्चा इरावती कर्वे यांनी भारतीय आप्तसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात केली आहे. मामा रुग्ण असेल तर त्याची प्रत्येक मुलगी वाहक असतेच. तिच्याशी विवाह करणारा भाचाही रुग्ण असला, तर त्यांच्या मुलींनाही विकार होण्याचा संभव निम्मा राहतो. एरवी स्त्रियांत तीव्र हिमोफिलिया विरळा.

मूल रक्तस्रावाने आजारी पडले की बोल सुनेच्या माहेराला लागतो, हे मानोऱ्यातही ऐकू आले. आनुवंशिकतेचे अर्धवट ज्ञान या दूषणास जणू शास्त्राधार पुरविते. म्हणून उरलेला अर्धा भागही सांगितला पाहिजे. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या कुळात हा विकार पूर्वी कोणासच आढळत नाही. जनुकातील बदल नव्यानेच उद्भवलेला असतो. शिवाय प्रत्येक रक्तस्रावी विकार मामाच्या वाटेने येत नाही. फॉन विलेब्रांट यांनी १९२६ मध्ये वर्णिलेल्या विकाराचे जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे. तो मुलगा-मुलगी दोघांनाही होतो आणि बापाकडूनही येतो. तेथे काका व आत्या यांचीही विचारपूस करावी लागते.