इओआनिस फ्रांगूदिस : पदके दोन की तीन?

आधुनिक ऑलिंपिकच्या पहिल्या पर्वात, म्हणजे १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये, नेमबाजीच्या पाच स्पर्धा झाल्या. त्या पाचही स्पर्धांत उतरून तीन स्पर्धांत पहिल्या तिघांत स्थान मिळवणारा नेमबाज एकच होता. त्यांचे नाव इओआनिस फ्रांगूदिस. ऑलिंपिकच्या इतिहासात त्यांच्या नावापुढे एक सुवर्ण, एक रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदके नोंदलेली आहेत. प्रत्यक्षात मात्र अथेन्समध्ये त्यांच्या हाती सुवर्णपदक पडलेच नव्हते.

फ्रांगूदिस यांचा जन्म १८६३ मध्ये सायप्रस बेटावरील लिमासोल या बंदराच्या गावी झाला. सायप्रस त्या वेळी ऑटोमन साम्राज्याचा भाग होते. १८७८ मध्ये बेटाचा कारभार ब्रिटिशांकडे गेला. बेटावरील बहुसंख्य लोक ग्रीकभाषक असले, तरी ग्रीसच्या राज्यात त्यांचा समावेश नव्हता. फ्रांगूदिस ग्रीसच्या सैन्यात अधिकारी झाले आणि ग्रीसचे प्रतिनिधी म्हणूनच ते ऑलिंपिकमध्ये उतरले.

अथेन्सजवळील कालिथेआ येथे या स्पर्धांसाठी खास नेमबाजी केंद्र उभारण्यात आले होते. फुलांनी सजवलेल्या रायफलीतून राणी ओल्गा यांनी पहिली गोळी झाडली आणि स्पर्धांना प्रारंभ झाला. गुण मोजण्याची तेव्हाची पद्धत आजच्यापेक्षा निराळी होती. प्रत्येक फेरीतील गुणांना त्या फेरीत लक्ष्यावर लागलेल्या गोळ्यांच्या संख्येने गुणले जाई. त्यामुळे एक गोळी हुकली, तर तिचे गुण जातच. शिवाय उरलेल्या गोळ्यांचे मोलही घटे. अचूकतेइतकेच सातत्याला महत्त्व देणारी ही पद्धत होती.

लष्करी रायफलच्या पहिल्या स्पर्धेत पान्तेलिस कारासेव्दास या विद्यार्थ्याने बाजी मारली. त्यानंतर १० एप्रिल रोजी लष्करी पिस्तुलाच्या स्पर्धेत बॉस्टनच्या जॉन आणि समनर पेन या बंधूंनी पहिले दोन क्रमांक सहज पटकावले. जॉन यांचे ४४२ गुण होते, तर तिसरे आलेले ग्रीसचे निकोलाओस मोराकिस २०५ गुणांवरच राहिले. या दोन्ही स्पर्धांत फ्रांगूदिस यांच्या वाट्याला यश आले नाही.

दुसरा दिवस मात्र त्यांचा ठरला. ११ एप्रिल रोजी २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल स्पर्धेत त्यांनी ३४४ गुणांसह पहिला क्रमांक मिळवला. त्यांचेच सहकारी गेओर्गिओस ऑर्फानिदिस २४९ गुणांसह दुसरे आले. या विजयाला एक किनार आहे आणि ती सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. पेन बंधूंनाही या स्पर्धेत उतरायचे होते. परंतु त्यांची पिस्तुले नेहमीच्या कॅलिबरची नसल्याचे कारण देऊन त्यांना परवानगी नाकारण्यात आली. ३० मीटर फ्री पिस्तूलमध्ये समनर पेन उतरले, तेव्हा तेच विजयी ठरले. डेन्मार्कचे होल्गर नील्सन दुसरे, तर फ्रांगूदिस तिसरे आले. पेन बंधू रॅपिड फायरमध्ये असते तर काय झाले असते, याचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही. जे नेमबाज समोर होते, त्यांना ९५ गुणांनी मागे टाकण्याचे काम मात्र फ्रांगूदिस यांनी चोख बजावले.

त्यांचा खरा कस लागला तो ३०० मीटर रायफल स्पर्धेत. १२ एप्रिलला ही स्पर्धा संपली, तेव्हा ऑर्फानिदिस १५८३ गुणांसह विजेते होते. दुसऱ्या क्रमांकासाठी फ्रांगूदिस आणि डेन्मार्कचे विगो येन्सन यांच्यात चुरस झाली. येन्सन हे याच ऑलिंपिकमध्ये दोन हातांनी वजन उचलण्याच्या स्पर्धेचे विजेते होते. फ्रांगूदिस यांचे १३१२ गुण झाले, येन्सन यांचे १३०५. अवघ्या सात गुणांनी दुसरा क्रमांक निश्चित झाला. पानाथिनाइको स्टेडियमच्या जीर्णोद्धाराचे काम सांभाळणारे वास्तुशिल्पकार अनास्तासिओस मेताक्सास या स्पर्धेत चौथे आले.

१५ एप्रिल रोजी राजे पहिले जॉर्ज यांच्या हस्ते पारितोषिके देण्यात आली. विजेत्याला रौप्यपदक आणि ऑलिव्हची फांदी, उपविजेत्याला कांस्यपदक आणि लॉरेलची फांदी, असा तेव्हाचा रिवाज होता. तिसऱ्या क्रमांकाला पदक नव्हते. सुवर्ण, रौप्य, कांस्य ही क्रमवारी १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकपासून आली आणि आधीच्या निकालांना ती मागाहून लावण्यात आली. त्यामुळे फ्रांगूदिस यांच्या नावावर आज तीन पदके दिसत असली, तरी त्यांना प्रत्यक्ष मिळाली ती दोनच. सात गुणांच्या त्या फरकाचे मोल यावरून ध्यानात येते. ते सात गुण कमी पडले असते, तर दुसरे पदकही त्यांना मिळाले नसते.

फ्रांगूदिस १९१६ मध्ये निवर्तले. त्याच्या आदल्याच वर्षी, ग्रीसने महायुद्धात उतरावे यासाठी ब्रिटनने सायप्रस देऊ केले होते; ग्रीसने तो प्रस्ताव स्वीकारला नाही. त्यांची जन्मभूमी पुढेही ग्रीसमध्ये सामील झाली नाही. १९६० मध्ये ती स्वतंत्र प्रजासत्ताक झाली. त्या प्रजासत्ताकाच्या ध्वजाखाली पहिले ऑलिंपिक पदक आले ते २०१२ मध्ये, लंडनला. शिडाच्या नौकांच्या शर्यतीत रौप्यपदक पटकावणारे पावलोस कोन्तिदिस हेही लिमासोलचेच. त्याच गावच्या एका सैनिकाने ११६ वर्षांपूर्वी ऑलिंपिक जिंकले होते. नोंद झाली ती मात्र ग्रीसच्या खात्यावर.