पहिल्या चिठ्ठीचा हिशेब

मागच्या महिन्यात पेट परीक्षा पास झालेल्या एका ज्युनियरचा फोन आला. "ताई, विषय निवडताना चूक झाली, हे कधी कळतं?" मी म्हटलं, उत्तर द्यायला मला एक वही शोधावी लागेल. ती वही प्रयोगशाळेतली नाही, कबड्डीची आहे. आजचा लेख त्या वहीबद्दल. थोडा इतिहास आहे, थोडी पद्धत आहे. शेवटी तुमच्या विषयापर्यंत येतेच.

आम्ही आठ भावंडं. चार शिरूरची, चार दौंडची. प्रो कबड्डी सुरू व्हायच्या आधी एका रविवारी आम्ही कुणाच्या तरी घरी जमतो. शिरूरकरांनी न्हावरा-चौफुला रस्त्याने दौंड गाठायचं, नाहीतर दौंडकरांनी उलटं यायचं. मग कागदावरची लीग लागते. स्टीलच्या डब्यात आठ चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याला एक नंबर येईल त्याने पहिला खेळाडू घ्यायचा, मग दोन नंबरवाल्याने. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा, म्हणजे शेवटच्यावर अन्याय नको. प्रत्येकाचे सात खेळाडू झाले की डबा बंद. मोसमभर त्या खेळाडूंनी खऱ्या सामन्यांत मिळवलेले गुण आपल्या खात्यात. पैसे अजिबात नाहीत. शेवटचा येईल त्याने सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची, एवढंच.

एक नियम मात्र माझा आहे. पहिल्या फेरीत खेळाडू घेताना, तो का घेतला, हे वहीत एका ओळीत लिहायचं. तारखेसकट. सगळे चिडवतात, "हिची लॅब इथंही सुरू." पण हा लेख त्या एका ओळीमुळेच लिहिता येतोय.

२०२२ साली एक नंबरची चिठ्ठी माझ्या दौंडच्या मामेभावाला आली. त्याने डोळे झाकून पवन सेहरावत घेतला. वहीतली त्याची ओळ अशी आहे: "पवन. मागचे तीन मोसम २७१, ३४६, ३०४. दुसरं कोण?" हे त्याचे चढाईचे गुण. तिन्ही मोसमांत तो चढाईत अव्वल होता. त्या वर्षीच्या लिलावात तमिळ थलायवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं होतं, तोवरची सगळ्यात मोठी बोली.

ऑक्टोबरमध्ये मोसम सुरू झाला आणि थलायवाजच्या पहिल्याच सामन्यात पवनचा गुडघा गेला. अख्खा मोसम बाहेर. इकडे जयपूरच्या अर्जुन देशवालने चढाईचे २९६ गुण काढले आणि अंतिम सामन्यात जयपूरने आपल्या पुणेरी पलटणला ३३-२९ ने हरवलं. मामेभाऊ आठवा आला. दौंड स्टेशनसमोर मिसळ खाताना त्याचं नाव 'चिठ्ठी' पडलं, ते आजही टिकून आहे. "एक नंबरची चिठ्ठी मिळूनही याने माती केली," असं प्रत्येक लग्नात कुणीतरी म्हणतंच.

आता तुम्हाला विचारते. त्याची निवड चुकली का?

घाई करू नका. हा प्रश्न आमच्या घरापुरता नाही. जिथे जिथे आधी निवड आणि नंतर निकाल असतो, तिथे तो पडतो. आणि या खेळाचा जन्म झाला त्या दिवसापासून तो पडतोय.

हा खेळ म्हणजे फँटसी लीग. तिचं मूळ अमेरिकन फुटबॉलमध्ये आहे. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, तो लंबगोल चेंडू हातात घेऊन पळण्याचा. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड रेडर्स या संघात छोटी भागीदारी असलेल्या बिल विंकेनबाक यांनी १९६२ मध्ये संघासोबत न्यूयॉर्कला गेले असताना, काही सोबत्यांबरोबर बसून याचे नियम लिहून काढले. १९६३ मध्ये ओकलंडला पहिली निवड झाली. गंमत म्हणजे तिथेही आठच जण होते.

त्या पहिल्या निवडीत सगळ्यात आधी उचललेला खेळाडू होता जॉर्ज ब्लँडा. जिम ब्राऊन तेव्हा शिल्लक होता. पुढे १९६३ च्या मोसमात ब्राऊनने चेंडू घेऊन १,८६३ यार्ड धाव घेतली, तो त्या काळचा विक्रम ठरला. त्यामुळे हा किस्सा आजही हसत हसत सांगतात: फँटसीच्या इतिहासातली पहिलीच निवड फसली!

पण थांबा. ब्लँडाने १९६१ मध्ये ३६ टचडाउन पास दिले होते. शिवाय तो किकही मारायचा, म्हणजे गुण यायच्या वाटा दोन. त्याच वेळी हेही खरं की १९६२ मध्ये त्याचे ४२ पास प्रतिस्पर्ध्यांनी मधेच पकडले होते. म्हणजे निवडणाऱ्यांसमोर दोन्ही बाजूंचा पुरावा होता. त्यांनी तो कसा तोलला? किश्श्यात हे येत नाही. किश्शात फक्त शेवट येतो.

इतिहास शिकणाऱ्यांना ही अडचण नवी नाही. निकाल माहीत झाल्यावर सांगितलेली गोष्ट आणि निकालाआधी लिहिलेली नोंद, यांचं वजन सारखं नसतं. विज्ञानवाल्यांना हे सहसा कुणी शिकवत नाही. मलाही कुणी शिकवलं नव्हतं.

आता आपल्याकडे या. २०० ८ चं वर्ष तुमच्यापैकी बऱ्याच जणांना बालपणीचं म्हणून आठवत असेल. २० फेब्रुवारी २००८ ला मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला. धोनी १५ लाख डॉलरला चेन्नईत गेला, अँड्र्यू सायमंड्स साडेतेरा लाख डॉलरला हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सकडे. हे सगळ्यांना माहीत आहे. मात्र त्यानंतर मार्चमध्ये एक वेगळी निवड झाली, ती कमी जणांना आठवते. विराट कोहलीच्या नेतृत्वाखाली नुकताच १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या पोरांची वाटणी बोली न लावता झाली. संघांनी आळीपाळीने एकेकाला घ्यायचं, अगदी आमच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांसारखं.

पहिली संधी दिल्लीची होती. कोहली दिल्लीचाच. दिल्लीने घेतला प्रदीप सांगवान, डावखुरा वेगवान गोलंदाज. कोहली बेंगळुरूला गेला.

"दिल्लीने हिरा सोडला!" हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. आता २००८ च्या मार्चमध्ये जाऊन बसा. दिल्लीकडे सेहवाग, गंभीर, शिखर धवन, डिव्हिलियर्स, दिलशान अशी फलंदाजांची रांग होती. सांगवान नुकत्याच रणजी करंडक जिंकलेल्या दिल्ली संघातला. एका संघाला सहावा फलंदाज हवा की डावखुरा भारतीय वेगवान गोलंदाज? त्या दिवशी तुम्ही काय केलं असतं?

आणि पहिल्या मोसमाचा निकाल काय लागला? कोहलीने १३ सामन्यांत १६५ धावा केल्या, सरासरी १५. दिल्ली उपांत्य फेरीत गेली, बेंगळुरू आठांत सातवं आलं. २००८ च्या जूनमध्ये कुणी हा हिशेब मांडला असता, तर दिल्लीच शहाणी ठरली असती. २०१६ मध्ये कोहलीने एका मोसमात ९७३ धावा काढल्या, तेव्हा तीच दिल्ली मूर्ख ठरली. निवड तीच, दिवस तोच, माणसं तीच. बदललं काय? आपण हिशेब कुठल्या तारखेला मांडला, फक्त ती तारीख.

म्हणून पहिल्या फेरीतली कुठलीही निवड तपासताना मी आता चार प्रश्न विचारते. तुम्हीही वहीत उतरवून घ्या.

एक: त्या दिवशी काय माहीत होतं? नंतर कळलेलं सगळं झाकून ठेवायचं. पवनच्या बाबतीत तीन मोसमांचे आकडे समोर होते आणि वय होतं २६. गुडघा जाणार, हे कुठल्याच आकड्यात नव्हतं.

दोन: हातात पर्याय कोणते होते? 'अर्जुन देशवाल घ्यायला हवा होता' हे म्हणणं सोपं आहे. तोही आधीच्या मोसमात अडीचशेच्या पुढे होता, म्हणजे पर्याय खराच होता. पण ३०४ वाला समोर असताना त्याच्याआधी याला घ्यायला एखादं कारण लागतं. ते कारण वहीत आमच्यापैकी कुणाच्याच ओळीत नाही. मीही लिहिलेलं नाही.

इथे एक बारकावा आहे. पहिल्या फेरीत नुसता 'सगळ्यात जास्त गुणांचा' माणूस बघून चालत नाही. समजा, सगळ्यात चांगला चढाईपटू ३०० गुण देतो आणि आठव्या क्रमांकाचा २००. सगळ्यात चांगला पकड करणारा ८० देतो आणि आठवा ६०. चढाईपटू आधी घेतला तर फायदा १०० चा, बचावपटू घेतला तर २० चा. म्हणजे किंमत माणसाच्या गुणांत नसते, त्याच्याऐवजी नंतर जो मिळेल त्याच्याशी असलेल्या फरकात असते. फँटसीवाले लोक हे फार आधी शिकले. आपण मात्र विषय निवडताना 'हा विषय किती भारी' एवढंच बघतो, 'याच्याऐवजी मला काय करता आलं असतं' हे बघत नाही.

तीन: मोजपट्टी कोणती? २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवनला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणचा मोहम्मदरेझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना घेतला. टायटन्स २२ पैकी २ सामने जिंकून तळाला गेले. पलटणने १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ ने हरवून पहिल्यांदा करंडक आणला. मग शादलुईची निवड बरोबर आणि पवनची चूक? पवनने त्या मोसमात चढाईचे दोनशेच्या आसपास गुण मिळवले होते. त्याने त्याचं काम केलं. पलटणकडे शादलुईच्या आजूबाजूला शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारसारखे संघातच घडलेले तरुण होते, आणि अस्लम तर कर्णधार होता. संघाचं यश एका निवडीच्या खात्यावर टाकलं की हिशेब बिघडतो. अपयश टाकलं तरी बिघडतो.

चार: हे किती वेळा घडलं? एका निवडीवरून काहीच ठरत नाही. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हेच थेलर, ज्यांना पुढे २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या निवडींची अनेक वर्षांची माहिती तपासली. त्यांना दिसलं की पहिल्या काही क्रमांकांसाठी संघ प्रमाणाबाहेर किंमत मोजतात. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोघांमध्ये आधी निवडलेला जास्त चांगला निघण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा किंचितच जास्त होती. ही गोष्ट शेकडो निवडी एकत्र मांडल्यावर दिसली. एका ब्लँडावरून किंवा एका सांगवानवरून दिसली नसती.

आता मामेभावाकडे परत येते, कारण खरं नुकसान २०२२ मध्ये झालंच नाही. ते २०२३ मध्ये झालं. त्या वर्षी त्याला तिसरी चिठ्ठी आली आणि पवन अजून शिल्लक होता. वहीतली त्याची ओळ वाचा: "पवन नको. मागच्या वेळी बुडवलं." बस. आकडा नाही, तुलना नाही. त्याने दुसरा घेतला आणि त्याला पवनपेक्षा बरेच कमी गुण मिळाले. चांगल्या निर्णयाचा वाईट निकाल लागला, त्यातून तो चुकीचा धडा शिकला आणि पुढचा निर्णय खरोखरच वाईट घेतला. आम्ही वर्षभर 'चिठ्ठी, चिठ्ठी' म्हणून हसलो, त्याचाही त्यात वाटा आहे. हे मला वही उघडल्यावर कळलं, आणि जरा लाजच वाटली.

लाज वाटायचं आणखी एक कारण होतं. माझा पहिला विषय दीड वर्षाने बंद पडला. ज्या उपकरणावर सगळी मोजमापं व्हायची होती ते बिघडलं आणि दुरुस्तीला महिनोन्‌महिने गेले. मी तेव्हा घरी येऊन म्हणाले होते, "मला विषय निवडताच येत नाही." दुसऱ्या वेळी मी इतका सावध, इतका बेचव विषय धरला की गाइडनेच विचारलं, "हा तुला का हवाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझी ओळसुद्धा तीच होती: मागच्या वेळी बुडवलं.

नंतर जुनी टिपणं काढून बघितली. पहिला विषय निवडताना मी तीन पर्याय लिहिले होते, कारणं लिहिली होती. त्यात एकच गोष्ट नव्हती: उपकरण एकच आहे, ते बंद पडलं तर काय? ही माझी चूक, आणि ती मला त्या दिवशीही दिसू शकली असती. बाकी नशीब. चूक आणि नशीब असं वेगळं करता आलं, तेव्हा कुठे तिसरा विषय नीट निवडता आला. सध्या त्यावरच काम चालू आहे.

म्हणून ज्युनियरला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. विषय चुकला हे कधी कळतं, हा प्रश्न पुढचा आहे. आज विषय धरताना तारीख घाला आणि तीन ओळी लिहा: काय माहीत आहे, दुसरं काय करता आलं असतं, यश कशाने मोजणार. ही पानं गाइडला दाखवायची नाहीत. दोन वर्षांनी, निकाल हातात आल्यावर, तुमची स्मरणशक्ती तुमच्याशी खोटं बोलायला लागेल, तेव्हा ही पानं लागतील.

मामेभावाला मी दोन्ही वर्षांच्या ओळी शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "ताई, म्हणजे बावीसची मिसळ मी फुकट खिलवली?"

"बावीसची फुकट," मी म्हटलं, "तेवीसची नाही."