प्लेगच्या इस्पितळातील परिचारिका

ग्रंथिक सन्निपाताचे नाव निघाले की आमच्यापुढे रँडसाहेबाच्या झडत्या, चाफेकरांचे साहस आणि हाफकिनची लस ही उभी राहतात. खाटेशी रात्र काढणाऱ्या बाईकडे मात्र आमचे लक्ष सहसा जात नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी हा रोग ओळखला, त्या वेळी इस्पितळातील परिचारिका बहुधा युरोपियन, युरेशियन किंवा देशी ख्रिस्ती असे. डॉक्टरांची आज्ञा पाळणे, जखमा बांधणे, बाळंतिणीची काळजी घेणे हा तिचा नित्यक्रम. प्लेगने तो पार बदलून टाकला. रोगावर गुणकारी औषधच नव्हते. तेव्हा वैद्यकाने हात टेकल्यावर जी उरते ती शुश्रूषाच उपचार होऊन बसली. गाठीवर पोटीस बांधावे, कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवावी, चमच्याने दूध पाजावे. रोगी वाताच्या भरात उठून पळू पाही. आणि या रोगात हृदय इतके क्षीण होते की बरा होत आलेला मनुष्यही एकाएकी उठून बसल्याने गतप्राण होई. त्यास निजवून ठेवणे हे मोठेच काम होते. ते केवळ बळाने साधत नाही. त्यास रोग्याची भाषा व त्याचा विश्वास लागतो, आणि हा विश्वासच दुर्मिळ होता.

इस्पितळात रोग्यांचा जीव घेतात अशी वदंता पसरून १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढे जातवार इस्पितळे निघाली. पुण्यात १८९७ साली टिळकांनी हिंदूंसाठी निराळे इस्पितळ काढले. लोकांची ही भीती निव्वळ अडाणीपणाची होती, असे मात्र आम्हांस म्हणवत नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या सरकारी प्लेग-इस्पितळात स्त्रियांची अब्रू सुरक्षित नसल्याची तक्रार मुंबईच्या एका पत्रातून उघडपणे केली. आणि रमाबाईंना अडाणी कोण म्हणेल? रोग्याच्या अंगाखाली स्वच्छ चादर घालणे जितके आवश्यक, तितकेच स्त्रियांच्या दालनात भरवशाची बाई असणे आवश्यक होते.

चमत्कार असा की, हवेशीर इस्पितळात गाठीच्या प्लेगची लागण शुश्रूषा करणाऱ्यांस क्वचितच होई. रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ यांनी १८९८ साली मांडले, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. तोवर खाटेजवळ जाणारी प्रत्येक बाई आपण मृत्यूस शिवतो आहोत असे समजूनच जात होती. शिवाय अपवादही होतेच. मुंबईत भिकाजी कामा स्वयंसेविका म्हणून शुश्रूषा करताना आजारी पडल्या, पण वाचल्या. सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या पुण्याबाहेरील दवाखान्यात रोगी आणण्याचे काम पत्करले होते. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलास त्यांनी पाठीवर घालून आणले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. त्या शिकलेल्या परिचारिका नव्हत्या. परंतु ज्या अंगास कोणी शिवत नसे, त्यास पाठ देणे हे कोणत्या वर्गात शिकवतात?

कुलीन घरच्या स्त्रीने परक्याचे मलमूत्र काढावे, ही कल्पना मात्र आमच्या समाजास पुढेही रुचेना. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले, आणि तेथील विधवा मुली ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास जाऊ लागल्या, त्या वेळी त्यांस टोमणे मारणारे लोक प्लेगमधून वाचलेल्या पुण्याचेच रहिवासी होते.