पेटीच्या आत काय असतं?

तिसरी-चौथीच्या मुलांना संगणकाचं चित्र काढून भागांना नावं द्यायला सांगा. एक पडदा, एक कीबोर्ड, शेपटीवाला माऊस आणि शेजारी एक उभी पेटी, असं चित्र बहुधा येईल. पेटीकडे बाण काढून मुलं लिहितील, 'सीपीयू'. मूल जामसंड्याचं असो की पुण्याचं, उत्तर सहसा हेच. पण ते बरोबर नाही. सीपीयू ही पेटीच्या आतली, पंख्याखाली बसलेली बिस्किटाएवढी चिप. यात दोष मुलांचा नाही. ती पेटी त्यांच्यासमोर कुणी उघडलेलीच नसते. हे असं का झालं, याला चाळीस वर्षांचा इतिहास आहे.

आपल्या देशातल्या शाळांत संगणक ठरवून आणला गेला तो १९८४-८५ मध्ये. केंद्र सरकारच्या 'क्लास' या प्रकल्पाखाली सुरुवातीला सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या. यंत्र होतं इंग्लंडमधल्या एकॉर्न कंपनीचं 'बीबीसी मायक्रो'. त्याची स्मृती ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा तिच्यात मावायचा नाही. पण या यंत्राचा एक गुण होता. ते आपलं पोट लपवत नसे. चार स्क्रू काढले की झाकण निघे आणि आतल्या चिपा दिसत. सुरू केलं की ते थेट आज्ञेची वाट पाहत थांबे. मुलानं खपून दहा ओळींचा प्रोग्राम लिहावा आणि तेवढ्यात वीज जावी, की सगळं पुसलं जाई. तात्पुरती स्मृती आणि कायमची साठवण यांतला फरक त्या मुलाला व्याख्या पाठ न करता कळे. पाटीवरचं पुसलं जातं, वहीतलं राहतं, इतकं ते सोपं होतं.

पुढे नव्वदच्या दशकात खिडक्या आणि चित्रं असलेले संगणक आले. ते वापरायला सोपे होते, त्यामुळे आत डोकावायची गरज उरली नाही. शिकवणं पडद्यापुरतं झालं.

या प्रवासातला एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झाला, हे अनेकांच्या विस्मरणात गेलं असेल. २६ जानेवारी १९९९ रोजी सुगत मित्र यांनी दिल्लीत कालकाजी इथे आपल्या कार्यालयाच्या भिंतीला भोक पाडून, पलीकडच्या झोपडपट्टीतल्या मुलांसाठी एक संगणक बसवला. शिकवायला कुणी नाही. मुलं आपली आपण शिकली. पडद्यावरच्या बाणाला ती 'सुई' म्हणू लागली आणि थांबा सांगणाऱ्या वाळूच्या घड्याळाला 'डमरू'. पुढे सिंधुदुर्गातल्या गावांतही असे संगणक बसले. परिमला इनामदार यांनी इथल्या आठवीच्या मुलांचा अभ्यास करून तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. वर्षभर वर्गात शिकलेल्या मुलांच्या जवळपास बरोबरीचे गुण या न शिकवलेल्या मुलांनी संगणकाच्या परीक्षेत मिळवले होते.

कोकणातल्या मुलांच्या बुद्धीबद्दल अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण त्या प्रयोगाची रचना पाहा. मुलांच्या वाट्याला पडदा आला आणि पेटी भिंतीच्या पलीकडे राहिली. पडद्यावर जे दिसतं ते मूल स्वतः शोधून काढतं. जे भिंतीआड आहे ते कसं शोधणार? तिथे दार उघडून देणारं कुणीतरी मोठं माणूस लागतंच.

२००४ च्या अखेरीस केंद्राची 'आयसीटी' योजना आली आणि माध्यमिक शाळांत संगणक-कक्ष उभे राहू लागले. अनेक ठिकाणी यंत्रांची देखभाल ठरावीक वर्षांच्या करारावर बाहेरच्या कंपनीकडे होती. साहजिकच पेटीला हात लावायचा नाही, हा नियम झाला. करार संपला की यंत्रं शाळेची होत, पण तोवर ती उघडायची कुणाला सवय उरलेली नसे.

आपल्या किनाऱ्यावर याची किंमत जास्त मोजावी लागते. जामसंड्यापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. खारी, दमट हवा धातूच्या जोडांवर थर चढवते. पावसाळाभर बंद राहिलेला संगणक नंतर सुरूच होत नाही, तेव्हा अनेकदा तो मेलेला नसतो. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने अलगद पुसल्या आणि ती परत नीट बसवली, तर तो पुष्कळदा उठून बसतो. तारीख सारखी मागे जात असेल, तर आतला बटणासारखा छोटा सेल संपलेला असतो. एवढं ठाऊक नसल्यामुळे चांगलं यंत्र डेड स्टॉक रजिस्टरात जातं.

जगातही ही उणीव जाणवली. संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या आणि तयारी घटतेय, हे केंब्रिजमधल्या काही मंडळींच्या लक्षात आलं. त्यांनी २०१२ मध्ये 'रास्पबेरी पाय' हा खिशात मावणारा संगणक काढला. त्याला पेटीच नव्हती. नुसती हिरवी पट्टी, सगळे भाग डोळ्यांसमोर. बीबीसी मायक्रोवर शिकलेल्या पिढीची ही परतफेड होती. त्याच एकॉर्न कंपनीत १९८५ मध्ये 'आर्म' नावाची चिप तयार झाली. आज बहुतेक मोबाइलच्या पोटात तिचेच वंशज आहेत. म्हणजे आपल्या नातवंडांच्या हातातला मोबाइल त्या जुन्या शाळेच्या यंत्राचा नातेवाईकच आहे. फक्त त्याला स्क्रूसुद्धा दिसत नाहीत.

आपल्या शाळांना यासाठी नवी खरेदी करायची गरज नाही. रीतसर निर्लेखित झालेला एक जुना संगणक पुरे. वीजजोड पूर्ण काढायचा. विजेचा डबा म्हणजे एसएमपीएस आणि जुना जाड मॉनिटर मात्र कधीही उघडायचा नाही, कारण बंद असतानाही त्यांत भार शिल्लक असतो. बाकी पेटी मोठ्यांच्या देखरेखीखाली मुलांना उघडू द्या. पंखा हवा कशासाठी, कोणती केबल कुठून कुठे जाते, हे त्यांनाच शोधू द्या. शेवटी हात साबणाने धुवायला लावा, कारण जुन्या डाखात शिसं असतं.

एवढं झालं की त्याच मुलांना पुन्हा संगणकाचं चित्र काढायला सांगा. सीपीयूचा बाण या वेळी कुठे जातो ते पाहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)