पाठीची गाडी आणि तळहाताची गाडी

गाड्यांच्या गप्पा निघाल्या की आपल्या मंडळींत एक वाक्य हमखास येतं. "अमेरिकन गाड्या काय, नुसत्या सरळ पळतात. गाडी बनवावी ती जर्मनांनीच!" हे वाक्य मीही वर्षानुवर्षं मोठ्या आत्मविश्वासाने म्हणत आलो. तेव्हा दोन्हींपैकी एकाही जातीची गाडी चालवलेली नव्हती, हा भाग वेगळा. इंग्रजी मासिकं वाचून बनलेलं मत होतं ते. पुढे नोकरीनिमित्त काही वर्षं मिशिगनमध्ये राहणं झालं आणि दोन्हींची एकेक जुनी गाडी हातात आली. दोन्ही उसन्या, अर्थातच. त्यानंतर मात्र ते वाक्य पूर्वीच्या ठसक्यात म्हणता येईना.

पहिली गाडी शेजारच्या आजोबांची. १९६५ सालची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ. इंजिन ६.४ लिटरचं, व्ही-८. चालू केल्यावर उभ्या उभ्या अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला तर अख्खी गाडी एका कुशीवर कलते आणि परत सरळ होते, झोपेत कूस बदलावी तशी. क्लच एवढा जड की सिग्नलला पाय भरून येतो. स्टिअरिंगचं चाक मोठं आणि बारीक, आणि पॉवर स्टिअरिंग इतकं हलकं की पुढची चाकं नक्की काय करताहेत याचा हाताला पत्ताच नाही. मी मनात म्हटलं, बघा, मासिकवाले बरोबरच सांगत होते. मग मोकळा रस्ता आला आणि आजोबा म्हणाले, "आता दाब."

दाबला. गाडीचं नाक वर आलं, मागचा भाग खाली बसला आणि कुणीतरी मोठा हात पाठीला लावून पुढे ढकलावं तसं झालं. गिअर खाली घ्यायची गरज नाही, इंजिनाचा आवाज टिपेला जायची गरज नाही. मागाल तेव्हा ताकद हजर. मी खरंच मोठ्याने हसलो. पुढे वळण आलं तेव्हा हसू गेलं, कारण चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि पुढे ते जड इंजिन. पण तो पाठीला लागलेला हात मी विसरलेलो नाही.

ही गाडी कशी जन्मली ती गंमत आहे. १९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींपासून दूर राहायला सांगितलं. पॉन्टिअ‍ॅकची जाहिरात तर शर्यतीतल्या विजयांवरच चालायची. तिथला मुख्य इंजिनिअर होता जॉन डिलोरिअन. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मधल्या आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं. कंपनीच्या नियमाने त्या आकाराच्या गाडीला साधारण ५.४ लिटरची मर्यादा होती आणि हे तर ६.४ चं. पण नियम नव्या मॉडेलसाठी होता. म्हणून जीटीओ हे 'मॉडेल' नाहीच, गिऱ्हाइकाने वेगळे पैसे भरून घ्यायचा एक 'ऑप्शन' आहे, असं कागदावर दाखवलं! पाच हजार खपतील असा अंदाज होता. १९६४ च्या मॉडेल वर्षात बत्तीस हजारांवर खपल्या. मग फोर्ड, क्रायस्लर आणि खुद्द शेव्हरले सगळेच या खेळात उतरले.

पण लोकांना नेमकी हीच गाडी का हवी होती? याचं उत्तर मला त्या रस्त्यांवर मिळालं. डेट्रॉइटच्या उत्तरेला एकेक मैलावर समांतर रस्ते आहेत आणि त्यांची नावंही तशीच: सेव्हन माइल, एट माइल, नाइन माइल. १७८५ च्या जमीन कायद्याने नव्या मुलखाची चौकोनी मोजणी सुरू झाली, आणि रस्ते त्या मोजणीच्या रेघांवरून गेले. मध्ये डोंगर नाही, जुनं गाव नाही, की कुणाची वडिलोपार्जित विहीर नाही. या चौकोनांना तिरका छेद देत जातो तो वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू, डेट्रॉइटपासून पॉन्टिअ‍ॅक नावाच्या गावापर्यंत. रुंद, सरळ, ठरावीक अंतरावर सिग्नल. याच रस्त्याच्या एका मैलावर १९०९ मध्ये अमेरिकेतला पहिला काँक्रीटचा हमरस्ता झाला. साठच्या दशकात शुक्रवार-शनिवारच्या रात्री पोरं इथे गाड्या घेऊन यायची आणि एका सिग्नलपासून पुढच्यापर्यंत शर्यत लावायची. अधिकृत ड्रॅग रेसिंगचं मापही पाव मैलाचंच. पेट्रोल गॅलनला तीस सेंटच्या आसपास. युद्धानंतर १९४६ मध्ये जन्मलेली पिढी १९६४ मध्ये बरोबर अठरा वर्षांची झाली होती. रस्ता सरळ, पेट्रोल स्वस्त, खिशात पहिला पगार. अशा ठिकाणी वळणासाठी गाडी कोण बनवणार? लांब प्रवासाला मऊ आणि सिग्नलला दांडगी, असंच वाहन तिथे उगवणार.

आता दुसरी गाडी. पुण्याचाच एक मित्र, त्याची १९८७ ची पोर्शे ९११. हिचं मूळ रूपही त्याच काळातलं. १९६३ च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती ९०१ नावाने मांडली गेली. मध्ये शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे आहेत, अशी हरकत प्यूजोने घेतल्यावर १९६४ मध्ये नाव ९११ झालं. इंजिन दोन लिटरचं, १३० अश्वशक्तीचं. म्हणजे जीटीओच्या तिसऱ्या हिश्शाहून लहान, आणि तेही हवेने थंड होणारं आणि मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं. वजन मात्र जीटीओपेक्षा सुमारे पाचशे किलोने कमी.

मित्राच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. पार्किंगमध्ये दंड भरून येतात. पण एकदा वेग घेतला की चाक हातात जिवंत होतं. रस्त्यावरचा खडबडीत तुकडा, पाण्याचा पातळ थर, पुढच्या चाकाची पकड जराशी सुटणं, सगळं तळहाताला कळतं. जीटीओत जे पाठीला कळलं ते इथे हाताला. निघण्यापूर्वी मित्राने एकच सूचना दिली होती. "हे बघ, वळणात शिरल्यावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढू नकोस. काहीही झालं तरी."

मी काढला! हायवेवरून उतरतानाचं गोल वळण, रिमझिम पाऊस. वेग जास्त वाटला म्हणून घाबरून पाय उचलला. पाय उचलला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागे लोंबणारं इंजिन गोफणीतल्या दगडासारखं बाहेर जाऊ बघतं. मागे ओझं जास्त झालेली बैलगाडी उलार होते म्हणतात, हे तिचंच भावंड. गाडीची शेपटी घसरली, मी चाक उलट फिरवलं, ती सावरली. नशिबाने मागे कुणी नव्हतं. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. घरी आल्यावर म्हणाला, "चहा घेणार?"

हा दोष जर्मनांना माहीत नव्हता असं नाही. इंजिन मागे आलं ते काही थोर विचाराने नव्हे. १९४८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी, एका जुन्या लाकूड-गिरणीत, पोर्शेंच्या नावाच्या पहिल्या गाड्या तयार झाल्या त्या हिटलरच्या राजवटीत जन्मलेल्या फोक्सवॅगनचे भाग वापरून. फोक्सवॅगनचं इंजिन मागे, म्हणून पोर्शेचंही मागे. ते इंजिन जेमतेम १.१ लिटरचं, चाळीसच्या आसपास अश्वशक्तीचं. हाताशी होतं ते एवढंच. शिवाय पश्चिम जर्मनीत मोटारकर इंजिनाच्या आकारावर बसायचा, म्हणजे मोठं इंजिन हा दरवर्षीचा भुर्दंड. आणि रस्ते डोंगरातले, जुन्या गावांमधून वळसे घेत जाणारे. १९२७ मध्ये सुरू झालेला न्यूरबर्गरिंगचा प्रसिद्ध ट्रॅक म्हणजे आयफेलच्या डोंगरातल्या अशा घाटरस्त्यांची वीस-बावीस किलोमीटरांची गोळाबेरीजच. लहान इंजिनाच्या गाडीने एकदा मिळवलेला वेग वळणात गमावला तर तो परत कमवायला वेळ लागतो. म्हणून वेग जपायचा, ब्रेक उशिरा आणि थोडकाच लावायचा, वळणातून गाडी वाहती ठेवायची. म्हणजे ज्याला आपण जर्मन कौशल्य म्हणतो त्याच्या मुळाशी चक्क काटकसर आहे. मला हे पटकन पटलं, कारण खंबाटकीच्या चढाला फियाट चालवायला शिकवताना बाबा हेच सांगायचे. घेतलेला वेग सोडू नकोस, नाहीतर दुसऱ्यात यावं लागेल.

आणि दोषाचं काय केलं? सुरुवातीच्या काही ९११ गाड्यांच्या पुढच्या बंपरात दोन्ही कोपऱ्यांना अकरा-अकरा किलोची बिडाची वजनं लपवली! मग १९६८ मध्ये पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवलं. पुढची कित्येक वर्षं हेच चाललं. आपण जिला परिपूर्ण गाडी म्हणून नमस्कार करतो, ती मुळात एका चुकीची साठ वर्षं चाललेली दुरुस्ती आहे.

आता यातली मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट. हीच रचना अमेरिकेने ९११ च्या आधी करून पाहिली होती. १९६० च्या मॉडेलची शेव्हरले कॉर्व्हेर: मागे इंजिन, हवेने थंड होणारं, आडवे सहा सिलिंडर. तिच्या पुढच्या टायरमध्ये मागच्यांपेक्षा बरीच कमी हवा ठेवायची अशी कंपनीची सूचना होती. ती कोण पाळणार? गाड्या घसरल्या, माणसं दगावली, खटले झाले. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी मोटार कंपन्यांवर लिहिलेल्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण कॉर्व्हेरवर होतं. १९६५ च्या मॉडेलला मागचं सस्पेन्शन नवं आलं, पण तोवर नाव गेलं होतं. १९६९ मध्ये गाडी बंद झाली. १९७२ च्या सरकारी तपासणीत निष्कर्ष निघाला की जुनी कॉर्व्हेर तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा विशेष धोकादायक नव्हती. पण उशीर झाला होता.

एकाच स्वभावाच्या दोन गाड्या. एक कोर्टात गेली, दुसरी दंतकथा झाली. फरक कशात? कॉर्व्हेर घरच्या गाडीच्या नावाने विकली, मुलांना शाळेत सोडणाऱ्या माणसाला. त्याच्याशी कुणी 'पाय काढू नकोस' असा करार केलेला नव्हता. ९११ घेणाऱ्याला तो करार माहीत होता, किंबहुना त्यासाठीच तो पैसे मोजत होता. गाडी चालवतानाचा 'अनुभव' निम्मा लोखंडात असतो आणि निम्मा या करारात. करार न सांगता गाडी विकणं हा मात्र गुन्हाच, मग ती कोणत्याही देशाची असो. त्या गोल वळणावर मी करार ऐकूनही मोडला होता, म्हणून हे जरा जास्त पटतं.

पुढचा इतिहास थोडक्यात. विम्याचे वाढते हप्ते आणि १९७० चा हवा-प्रदूषणाचा कायदा यांनी मसल कारला घेरलं होतंच. १९७३ च्या तेलसंकटाने उरलंसुरलं संपवलं. १९७४ मध्ये अमेरिकेत ताशी ५५ मैलांची देशव्यापी मर्यादा आली, ती १९९५ पर्यंत टिकली. त्याच वर्षी जीटीओही थांबली. जर्मनीतही नोव्हेंबर १९७३ मध्ये आउटोबानवर १०० किलोमीटरची मर्यादा आली, पण मार्च १९७४ मध्ये ती उठलीसुद्धा. तेलाचं संकट एकच, पण एका देशाने वेग सोडला आणि दुसऱ्याने नाही.

आणि तरी ९११ मरायला टेकलीच होती. खुद्द पोर्शेलाच ती नकोशी झाली होती. १९७७ मध्ये तिची वारस म्हणून ९२८ आणली. इंजिन पुढे, पाण्याने थंड होणारं आणि व्ही-८! म्हणजे मांडणी जवळजवळ अमेरिकन. १९८१ मध्ये पीटर शुत्स प्रमुख झाले. जन्म बर्लिनचा, ज्यू कुटुंब नाझींपासून पळून अमेरिकेत गेलेलं, म्हणून वाढले आणि शिकले अमेरिकेत. त्यांनीच पुढे सांगितलेली हकीकत अशी की मुख्य इंजिनिअर हेल्मुट बोट यांच्या खोलीत भिंतीवर तक्ता होता आणि त्यात ९११ ची रेघ १९८१ ला संपत होती. शुत्सनी मार्कर घेतला आणि ती रेघ तक्त्याच्या बाहेर, भिंतीवर ओढत नेली. जर्मन गाडीचा आत्मा वाचवला तो एका अमेरिकन माणसाने. माझ्या त्या आवडत्या वाक्याचं काय करायचं, सांगा.

आता फरकही पुसट होत चालले आहेत. २०११ मधल्या ९११ ला विजेचं स्टिअरिंग आलं आणि हातातलं बोलणं कमी झाल्याची तक्रार जुन्या लोकांनी केली. २०१५ च्या मस्टँगला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आलं आणि ती वळू लागली. डॉज चॅलेंजर आणि शेव्हरले कमॅरो २०२३ च्या डिसेंबरमध्ये बंद झाल्या.

मिशिगन सोडायच्या आधी एका रविवारी मित्राला गाडी घेऊन बोलावलं आणि आजोबांना ९११ चालवायला दिली. ते अर्ध्या तासाने परतले. मी उत्सुकतेने विचारलं, कशी वाटली? म्हणाले, "फार छान गाडी आहे. फक्त हिच्यात खिडकीवर कोपर टेकवून बसता येत नाही."