लाईट गेल्यावर घर कशावर चालवायचं? जनरेटरवर की बॅटरीच्या गाडीवर?



गटांच्या बैठकांमध्ये हल्ली एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. पावसाळ्यात लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. फ्रीजमधलं दूध नासतं, मोबाईल बंद पडतात, शिवणयंत्राची मोटर थांबते. मग कुणी म्हणतं, जनरेटर घेऊ. कुणी म्हणतं, आता बॅटरीच्या गाड्यांवर घर चालतं, असं ऐकलंय. खरं काय?

आम्ही या प्रश्नाचा इतिहास शोधायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की मोठमोठ्या संकटांनी याचं उत्तर आधीच देऊन ठेवलंय. आज तीच गोष्ट सांगतो.

आधी जनरेटरची ओळख करून घेऊ. १८३१ साली इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिलं की तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला की तारेत वीज तयार होते. आजचा जनरेटर हेच काम करतो, फक्त फिरवण्यासाठी त्याला इंजिन लागतं आणि इंजिनाला डिझेल किंवा पेट्रोल. १९६५ मध्ये जपानच्या होंडा कंपनीने उचलून नेता येईल असा ई-३०० नावाचा छोटा जनरेटर काढला. असे छोटे जनरेटर पुढे दुकानात, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात सगळीकडे पोहोचले.

बॅटरीची गाडी नवी वाटते, पण तीही जुनीच आहे. १९०० च्या सुमाराला अमेरिकेत रस्त्यावरच्या मोटारींपैकी जवळपास एक तृतीयांश बॅटरीवर चालत. तेव्हा पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढे उभं राहून लोखंडी हँडल जोर लावून फिरवावं लागे. बॅटरीच्या गाडीला ते नको, धूर नाही, आवाज नाही, म्हणून शहरातल्या बायकांची तिला पसंती असे. १९१२ मध्ये बटणावर सुरू होणारी पेट्रोल गाडी आली, पेट्रोलही स्वस्त होतं, आणि बॅटरीची गाडी मागे पडली. ती परत यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

आता खऱ्या गोष्टीकडे येऊ. ती जपानमध्ये घडली.

११ मार्च २०११. दुपारी पावणेतीनच्या सुमाराला जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ प्रचंड भूकंप झाला आणि मागोमाग त्सुनामीच्या लाटा आल्या. हजारो माणसं गेली. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राला बाहेरून येणारी वीज भूकंपाने तुटली, तेव्हा तिथले डिझेल जनरेटर लगेच सुरू झाले. पण त्यातले बहुतेक तळघरात होते. तासाभरात समुद्राचं पाणी आत घुसलं आणि ते बुडाले. अणुभट्ट्या थंड ठेवायला वीज उरली नाही आणि पुढे तो मोठा अपघात झाला. जनरेटर होता, डिझेल होतं, पण जागा चुकली. एवढ्या मोठ्या केंद्राची ही गत, मग पूर येणाऱ्या गावात आपण जनरेटर कुठे ठेवणार, याचा विचार आधी करायला हवा.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. तेलाचा कारखाना पेटला, बंदरं आणि रस्ते मोडले, पेट्रोलसाठी मैलभर रांगा लागल्या. अनेक ठिकाणी वीज काही दिवसांत परत आली, पण पेट्रोल मिळेना. तेव्हा मित्सुबिशी आणि निसान या कंपन्यांनी आपल्या बॅटरीच्या गाड्या त्या भागात पाठवल्या. औषधं पोहोचवणं, डॉक्टरांना ने-आण करणं अशी कामं त्यांनी केली.

मग लोकांच्या मनात साधा प्रश्न आला. ज्या गावात वीज अजून आलेली नाही, तिथे ही गाडी उभी आहे. तिच्या पोटात घर दोन दिवस चालेल इतकी वीज आहे. पण ती बाहेर काढायची वाट नाही. पाण्याने भरलेली टाकी आहे, पण तिला तोटीच नाही, अशी ती अवस्था!

ती तोटी बसवायला फार वेळ लागला नाही. २०१२ मध्ये निसानने लीफ गाडीसाठी घराच्या भिंतीजवळ बसवायचं यंत्र विक्रीला आणलं. रात्री त्यातून गाडी चार्ज करायची आणि लाईट गेली की त्याच वायरीतून गाडीची वीज घरात घ्यायची. त्या वेळच्या लीफच्या बॅटरीत २४ युनिट वीज मावत असे.

खरी परीक्षा सप्टेंबर २०१९ मध्ये झाली. टोकियोजवळच्या चिबा भागात मोठं चक्रीवादळ आलं. लाखो घरं अंधारात गेली आणि काही भागांत वीज यायला दोन आठवड्यांवर दिवस लागले. वर उकाडा असा की उष्माघाताने माणसं दगावली. कंपन्यांनी पुन्हा गाड्या पाठवल्या. या वेळी गाड्यांना तोटी होती. गाडी उभी करायची आणि तिच्यावर पंखे, फ्रीज, मोबाईल चालवायचे. चार्ज संपला की जिथे वीज आहे तिथे जाऊन भरून आणायची. जनरेटरला पेट्रोल आणून द्यावं लागतं. गाडी मात्र स्वतःच जाऊन वीज घेऊन येते.

मैत्रिणींनो, आता सगळ्यात महत्त्वाचं. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. आपल्या रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात थंडीच्या लाटेत ४५ लाखांच्या आसपास घरांची वीज गेली. थंडीने तर लोक मेलेच, पण ऊब आणि वीज मिळावी म्हणून कुणी जनरेटर घरात लावला, कुणी शेगडी आत आणली, कुणी बंद गॅरेजमध्ये पेट्रोलची गाडी चालू ठेवली, आणि या वायूने काही कुटुंबांचा घात केला. पावसात जनरेटर भिजू नये म्हणून आपणही तो ओसरीत, पडवीत आणतो. तसं कधीही करू नका. जनरेटर घरापासून, दार-खिडकीपासून निदान २० फूट लांब हवा. बॅटरीच्या गाडीतून वीज घेताना धूर निघतच नाही. दोन्हींमधला सगळ्यात मोठा फरक हाच आहे.

आता आपल्याकडे येऊ. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. खांब झोपले, तारा तुटल्या आणि कोकणातली कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. म्हणजे हा प्रश्न आपलाही आहे.

थोडा हिशेब करू. ४ एलईडी बल्ब, २ पंखे, एक फ्रीज, टीव्ही, मोबाईल आणि थोडा मिक्सर, एवढं मिळून घराला दिवसाला साधारण सव्वातीन युनिट लागतात. ३० युनिटची बॅटरी असलेल्या गाडीत १० युनिट दवाखान्याच्या वाटेसाठी राखून ठेवले, तरी उरलेल्या २० युनिटवर घर सहाएक दिवस चालतं. छोटा पेट्रोल जनरेटर तासाला अर्धा लिटर पेट्रोल पितो. दिवसात १२ तास चालवला तर ६ लिटर. लिटरचा भाव शंभरीच्या पुढे, म्हणजे रोजचे सहाशे रुपये धुरात. तेवढीच वीज गाडीत घरी भरायला चाळीस-पन्नास रुपये पुरतात.

मग जनरेटर मोडीत काढायचा का? नाही. जनरेटर काही हजारांत मिळतो, गाडीला लाखो रुपये लागतात. नुसत्या लाईटसाठी गाडी घेणं म्हणजे ताकासाठी म्हैस विकत घेणं. पिठाची गिरणी किंवा ५ एचपीची मोटर अशा गाडीच्या साध्या प्लगवर ओढत नाही, तिथे मोठा जनरेटरच लागतो. पण घरात किंवा गटाच्या धंद्यासाठी गाडी घ्यायचीच असेल, तर एक प्रश्न जरूर विचारा, ‘या गाडीतून वीज बाहेर घेता येते का?’ शोरूममध्ये याला ‘व्ही टू एल’ म्हणतात. टाटांच्या नेक्सॉनच्या बॅटरी मॉडेलमध्ये २०२३ पासून ही सोय आली आहे. पण सगळ्या गाड्यांत ती नसते. स्कूटरची किंवा रिक्षाची बॅटरी उघडून स्वतः वायर जोडू नका, आग लागते.

शेवटचं. जनरेटर असो की गाडी, तिची वायर घराच्या प्लगमध्ये उलटी घालू नका. ती वीज तुमच्या घरातून बाहेर खांबावर जाते आणि तार जोडायला चढलेल्या वायरमनदादाचा जीव जातो. चेंजओव्हर स्विच माहितगार माणसाकडूनच बसवून घ्या. तो नसेल तर पंखा, फ्रीज थेट जनरेटरच्या किंवा गाडीच्या प्लगला लावा.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. प्रत्येकीने आपल्या घरातल्या वस्तूंचे वॅट लिहून आणायचे आणि लाईट गेल्यावर त्यातलं खरंच काय लागतं त्यावर खूण करायची. आधी गरज मोजू, मग यंत्र निवडू. जनरेटर आधीच असेल, तर तो आज कुठे ठेवलाय, ते घरी गेल्यावर सगळ्यात आधी बघा.